मुलाच्या फॅटी लिव्हरचे मूळ शोधताना

माझ्या मुलाला वयाच्या अकराव्या वर्षी फॅटी लिव्हर असल्याचे निदान झाले, तेव्हा आमच्या साताऱ्याच्या घरात प्रत्येकाकडे त्याचा गुन्हेगार तयार होता. सासूबाईंनी शाळेबाहेरच्या वडापावला दोष दिला, जाऊबाईंनी मोबाइलला, आणि शेजारच्या काकूंनी, तोंडावर नव्हे पण ऐकू जाईल इतक्या अंतरावरून, माझ्या नोकरीला. पुण्याच्या बालयकृतरोगतज्ज्ञांकडे पुढे ज्या क्रमाने तपासण्या झाल्या, त्या क्रमातून हे सगळे आरोपपत्र हळूहळू बदलत गेले. लठ्ठ मुलांच्या यकृतात चरबी साठण्यामागे खाण्याइतकाच अनुवंश आणि चयापचय यांचाही वाटा असतो, हे आम्हांला एकदम कोणी सांगितले नाही. ते एकेका अहवालातून उलगडत गेले.

सुरुवात पोटदुखीने झाली. दुखण्याचे कारण साधी बद्धकोष्ठता निघाली, परंतु त्यासाठी केलेल्या सोनोग्राफीच्या अहवालात ‘यकृताचा आकार वाढलेला, ग्रेड २ फॅटी लिव्हर’ अशी ओळ होती. सोनोग्राफी करणाऱ्या डॉक्टरांनी पडदा माझ्याकडे वळवून यकृत आणि त्याच्या खालचे उजवे मूत्रपिंड शेजारी शेजारी दाखवले. एरवी दोघांचा करडा रंग जवळपास सारखा असतो, इथे मात्र यकृत पांढुरके चमकत होते आणि त्याच्यापुढे मूत्रपिंड काळे दिसत होते. पाठोपाठ रक्त तपासले, तेव्हा यकृताला इजा झाली की रक्तात वाढणारा एसजीपीटी ९२ आला. गावातल्या डॉक्टरांनी “हल्ली सगळ्यांनाच असतं हो, वजन कमी करा” एवढ्यावर विषय संपवला. सल्ला चुकीचा नव्हता, फक्त तो प्रश्न विचारण्याआधीच दिलेला होता.

पुण्याच्या डॉक्टर मॅडमनी आधी अहवालांना हातच लावला नाही. त्यांनी केस पेपर उलटा केला आणि मागच्या कोऱ्या बाजूवर पेन्सिलीने वंशावळ काढायला घेतली, पुरुषांसाठी चौकोन, बायकांसाठी वर्तुळ. घरात मधुमेह कोणाला, हृदयविकार कोणाला, पित्ताशयातले खडे कोणाचे काढले, यकृताच्या आजाराने कोणी गेले आहे का, आणि नात्यात लग्ने झाली आहेत का, असे प्रश्न त्या विचारत गेल्या. माझे आणि यजमानांचे लग्न नात्यातले नाही, पण सासूबाई या सासऱ्यांच्या मामाची मुलगी. मॅडमनी त्या दोघांच्या मधली रेघ दुहेरी काढली. मग सासऱ्यांचा विषय निघाला. ते पंचावन्नाव्या वर्षी जलोदर होऊन गेले. रुग्णालयाच्या कागदावर ‘लिव्हर सिरोसिस’, म्हणजे व्रणांनी यकृत कडक होणे, असे लिहिलेले होते, आणि तेवढ्या दोन शब्दांनी भावकीत कुजबुज सुरू झाली होती. सासरे माळकरी होते, आषाढीची वारी त्यांनी कधी चुकवली नाही, दारूचा थेंब त्यांच्या पोटात गेल्याचे कोणी पाहिलेले नव्हते. तरीही ‘चोरून घेत असणार’ हे वाक्य त्यांच्या दहाव्यापासून आमच्या घराच्या मागे लागले होते. मॅडमनी विचारले, “त्यांना साखर होती का? पोट सुटलेलं होतं का?” दोन्हींची उत्तरे होय अशी होती. त्यांनी त्या चौकोनात एक तिरकी रेघ ओढली आणि पुढे गेल्या.

मोजमापांत मुलाची उंची १४६ सेंटिमीटर आणि वजन ५८ किलो भरले, म्हणजे बीएमआय, उंचीच्या मानाने वजन किती ते दाखवणारा आकडा, २७ च्या थोडा वर. मुलांचा बीएमआय मोठ्यांसारखा नुसत्या आकड्यावरून पाहत नाहीत, वयानुसार वक्रावर ठेवून पाहतात. भारतीय बालरोगतज्ज्ञ संघटनेच्या २०१५ सालच्या तक्त्यावर मोठ्यांच्या २३ ला समकक्ष रेषा जादा वजनाची आणि २७ ला समकक्ष रेषा लठ्ठपणाची मानली जाते. अकरा वर्षांच्या मुलासाठी त्या रेषा बऱ्याच खाली असतात आणि आमचा ठिपका वरच्या रेषेच्याही पुष्कळ वर पडला. कमरेचा घेर ८८ सेंटिमीटर होता. तो उंचीच्या निम्म्याहून कमी असावा अशी अपेक्षा असते. पण मॅडम सर्वांत जास्त वेळ थांबल्या त्या त्याच्या मानेपाशी. मानेवर मागच्या बाजूला मखमलीसारखा जाडसर काळपट पट्टा होता आणि सासूबाई दर रविवारी डाळीचे पीठ लावून तो घासत असत. “आजी, हा मळ नाही,” मॅडम म्हणाल्या, “कितीही घासलंत तरी जायचा नाही. रक्तातलं इन्सुलिन वाढलं की कातडीच्या पेशी अशा दाट होतात. हे निघेल ते आतून.” मुलाने त्या दिवशी पहिल्यांदा मान वर केली. शाळेत त्याला त्यावरून काय काय ऐकावे लागत होते, ते त्याने परतीच्या एसटीत सांगितले.

यानंतरचा टप्पा मला सर्वांत जड गेला, कारण त्यात चरबीविषयी काहीच नव्हते. लठ्ठ मुलाच्या यकृतात चरबी दिसली म्हणजे ती लठ्ठपणामुळेच आली असे धरून चालत नाहीत. आधी इतर आजार बाजूला काढावे लागतात. हिपॅटायटिस बी आणि सी, थायरॉइड, गव्हाच्या ग्लुटेनमुळे होणारा सीलियाक आजार, शरीराच्या प्रतिकारशक्तीनेच यकृतावर हल्ला करणारा ऑटोइम्यून हिपॅटायटिस, आणि ज्याच्या नावाने माझी झोप उडाली तो विल्सन आजार. यात एटीपी७बी हे जनुक आईवडील दोघांकडूनही सदोष आल्यास यकृताला तांबे बाहेर टाकता येत नाही आणि ते आधी यकृतात व मग मेंदूत साठत जाते. सोनोग्राफीत तोही फॅटी लिव्हरसारखाच दिसू शकतो. औषधाने तो ताब्यात राहतो, पण ओळखायचा राहून गेला तर जीवघेणा ठरतो. त्यासाठी रक्तातील सेरुलोप्लाझ्मिन हे तांबे वाहून नेणारे प्रथिन पाहिले, नेत्रतज्ज्ञांनी स्लिट लॅम्पखाली बुबुळाच्या कडेला तांब्याची तपकिरी कडी आहे का ते तपासले, आणि चोवीस तासांची लघवी एका कॅनमध्ये जमा करून द्यायची होती. तो कॅन रविवारभर आमच्या न्हाणीघरात होता आणि धाकटीला त्याच्या आसपास फिरकायची बंदी होती. हे सर्व अहवाल निर्दोष आले. एखादा आजार नाही असे सिद्ध होण्यासाठी इतका खर्च आणि इतकी धाकधूक कशाला, असे यजमान म्हणाले. मला मात्र तो खर्च आजही सर्वांत सार्थकी लागलेला वाटतो.

मग चयापचयाच्या तपासण्या झाल्या. उपाशीपोटी साखर ९४ होती, म्हणजे कागदावर उत्तम, आणि आम्ही सुटकेचा नि:श्वास टाकणार एवढ्यात मॅडमनी शेजारच्या ओळीवर बोट ठेवले. उपाशीपोटी इन्सुलिन २४ होते. साखर आणि इन्सुलिन यांचा गुणाकार करून त्याला ४०५ ने भागले की शरीर इन्सुलिनला किती दाद देईनासे झाले आहे ते सांगणारा होमा-आयआर हा आकडा मिळतो, तो साडेपाचच्या वर गेला. साखर ताब्यात होती ती स्वादुपिंड कितीतरी जास्त राबत होते म्हणून. रक्तातली चरबी, म्हणजे ट्रायग्लिसराइड, १८८, चांगले कोलेस्टेरॉल ३४ आणि साखरेची तीन महिन्यांची सरासरी दाखवणारे एचबीए१सी ५.८, म्हणजे मधुमेहपूर्व अवस्थेच्या उंबरठ्याच्या किंचित आत. एसजीपीटीबाबतही एक गोष्ट याच वेळी कळली. प्रयोगशाळेच्या कागदावर ‘४५ पर्यंत सामान्य’ असे छापलेले असते; उत्तर अमेरिकेतील बालयकृततज्ज्ञांच्या २०१७ च्या मार्गदर्शक सूचना मात्र मुलग्यांसाठी २६ आणि मुलींसाठी २२ हीच वरची मर्यादा धरतात आणि ८० च्या वर गेल्यास तपासण्या लांबवू नयेत असे सांगतात. आमच्या मॅडमही तेच आकडे वापरत होत्या.

यकृतात चरबी येते कोठून, हे त्यांनी धान्याच्या गोदामाचे चित्र काढून समजावले. माल तीन दारांनी आत येतो. पहिले दार शरीरातल्या साठवणीच्या चरबीचे. इन्सुलिनला दाद देईनाशी झालेली ही चरबी वितळून स्निग्धाम्लांच्या रूपाने सतत यकृताकडे वाहत राहते. दुसरे दार साखर आणि स्टार्चचे, ज्यांपासून यकृत स्वतःच नवी चरबी बनवते. तिसरे दार आपण प्रत्यक्ष खाल्लेल्या तेल-तुपाचे. प्रौढ रुग्णांच्या यकृतातील चरबीचा माग काढलेल्या २००५ सालच्या एका अभ्यासात पहिल्या दाराचा वाटा सुमारे ५९ टक्के, दुसऱ्याचा २६ आणि तिसऱ्याचा केवळ १५ टक्के आढळला होता. आपल्याकडे डॉक्टरांनी ‘चरबी’ म्हटले की घरोघरी पहिली कुऱ्हाड तुपावर पडते, आणि साखरेचा डबा मात्र जागचा हलत नाही. फ्रुक्टोजचे, म्हणजे साखरेच्या निम्म्या भागाचे, विघटन बव्हंशी यकृतातच होते आणि त्या मार्गावर ग्लुकोजच्या मार्गासारखा अटकाव नसतो, त्यामुळे गोड पेये हा दुसऱ्या दारातून आत येणारा सर्वांत सोपा माल असतो.

जनुकांची गोष्ट या चित्रात नेमकी बसली. २००८ मध्ये अमेरिकेतील डॅलस शहरात हजारो लोकांच्या तपासणीतून पीएनपीएलए३ या जनुकातील एक बदल सापडला. त्यात प्रथिनातील १४८ व्या जागी आयसोल्युसिनऐवजी मेथिओनिन येते. बदललेले प्रथिन मोडीत निघत नाही, चरबीच्या थेंबाच्या पृष्ठभागावर ठाण मांडून बसते आणि तो थेंब फोडणाऱ्या दुसऱ्या विकराला काम करू देत नाही. थोडक्यात, गोदामात आलेला माल हलत नाही. टीएम६एसएफ२ या दुसऱ्या जनुकातील बदलाने माल बाहेर जाण्याचे दार अरुंद होते, त्यामुळे यकृतात चरबी वाढते आणि रक्तातले कोलेस्टेरॉल मात्र कमी दिसते, म्हणजे नुसता लिपिड प्रोफाइल, रक्तातल्या चरबीचा अहवाल, पाहणारा फसतो. तिसरे जीसीकेआर, ज्याचे प्रथिन यकृतातील ग्लुकोकायनेज या विकराला वेसण घालते. ती वेसण सैल झाली की ग्लुकोज अधिक वेगाने चरबीकडे वळते. हे बदल दुर्मीळ नाहीत, भारतीयांत पीएनपीएलए३ चा बदल सर्रास आढळतो. तो असणाऱ्या प्रत्येकाला आजार होत नाही, पण अंगातली चरबी जितकी अधिक तितका या जनुकांचा परिणाम मोठा होतो, हे २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासातून दिसले आहे. माझ्या मुलाच्या वर्गात त्याच्याहून जाड मुले आहेत, त्यांतल्या एकाची सोनोग्राफी अगदी स्वच्छ निघाली, हे कोडे मला इथे सुटले.

याच बोलण्याच्या ओघात मॅडमनी त्याच्या जन्माचे वजन विचारले. ते २.६ किलो होते. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी पुण्याजवळच्या गावांतील मातांचा अभ्यास करून दाखवून दिले आहे की आपली बाळे इंग्लंडमधील बाळांपेक्षा वजनाने बरीच लहान जन्मतात, त्यांचे स्नायू कमी भरतात, पण कातडीखालची चरबी त्या मानाने टिकून असते. २००४ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये त्यांनी ब्रिटिश सहकारी जॉन युडकिन यांच्यासोबत स्वतःचेच छायाचित्र छापले होते. दोघांचाही बीएमआय २२.३, पण याज्ञिकांच्या शरीरात २१.२ टक्के चरबी आणि युडकिन यांच्या शरीरात ९.१ टक्के. हे ऐकताना यजमानांनी नकळत पोट आत ओढलेले मी पाहिले.

“बाबा, तुमचीही सोनोग्राफी करा,” मॅडम त्यांच्याकडे वळून म्हणाल्या. अमेरिकेत २००९ मध्ये झालेल्या एका अभ्यासात फॅटी लिव्हर असलेल्या जाड मुलांच्या भावंडांपैकी ५९ टक्क्यांमध्ये आणि आईवडिलांपैकी ७८ टक्क्यांमध्ये फॅटी लिव्हर आढळले होते. फॅटी लिव्हर नसलेल्या जाड मुलांच्या कुटुंबांत हेच प्रमाण अनुक्रमे १७ आणि ३७ टक्के होते. यजमान सडपातळच म्हणावेत असे, शर्टाच्या खाली लपेल एवढेच पोट. त्यांच्या अहवालात ग्रेड १ फॅटी लिव्हर आणि ट्रायग्लिसराइड २४० निघाले. माझी सोनोग्राफी स्वच्छ होती, त्यामुळे घरात काही दिवस ‘हे सगळं आपल्याच बाजूचं’ असा सूर होता.

तो सूर जनुकीय चाचणीने बदलला. ही चाचणी उपचारासाठी आवश्यक नाही आणि नेहमीच्या तपासणीत ती करत नाहीत, असे मॅडमनी स्पष्ट सांगितले होते. यजमानांनी हट्टाने करवून घेतली. अहवालात पीएनपीएलए३ चा बदल मुलाच्या दोन्ही प्रतींत होता आणि जीसीकेआरचा एका प्रतीत. दोन्ही प्रती बदललेल्या म्हणजे एक वडिलांची आणि एक माझी, हे उघडच आहे. सासूबाईंना ते समजावून सांगितल्यावर त्या बराच वेळ काही बोलल्या नाहीत, मग एवढेच म्हणाल्या, “म्हणजे ह्यांनी घेतली नव्हती.” खरे तर त्या अहवालावरून सासऱ्यांविषयी काहीच सिद्ध होत नाही, त्यांच्या यकृताचा तुकडा काढून तपासणारी बायोप्सी ना झाली होती, ना रक्त कुठे जपून ठेवलेले होते. मॅडमही म्हणाल्या की मधुमेह, सुटलेले पोट आणि मुलगा-नातवाचे अहवाल पाहता दारूशिवायचा सिरोसिस अगदी शक्य आहे, यापुढे त्या जाणार नाहीत. सासूबाईंनी मात्र तेवढ्यावरच भावकीतल्या दोन घरी फोन केले, आणि मी त्यांना अडवले नाही. माझे स्वतःचे मत विचाराल तर एरवी या चाचणीवर पैसे घालू नयेत. उलट्या केस पेपरवरच्या पेन्सिलीच्या वंशावळीने फुकटात जे सांगितले होते, त्यात तिने फारच थोडी भर घातली.

यकृत किती कडक झाले आहे हे पाहण्यासाठी फायब्रोस्कॅन झाला. तीन तास उपाशी ठेवून, उजवा हात डोक्याखाली घेऊन झोपवतात आणि बरगड्यांच्या मधल्या फटीत यंत्राचे टोक टेकवतात; प्रत्येक मोजणीला बाहेरून टिचकी मारल्यासारखा हलका धक्का बसतो आणि निदान दहा मोजण्या नीट जुळाव्या लागतात. चरबीचा आकडा ३१२ डेसिबल प्रति मीटर म्हणजे भरपूर, पण कडकपणा ६.१ किलोपास्कल, म्हणजे व्रण पडल्याची खूण नव्हती. त्यामुळे बायोप्सी तूर्त टळली. या कागदावर आजाराचे नाव ‘एमएएसएलडी’ असे होते आणि आधीच्यावर ‘एनएएफएलडी’, म्हणजे दारूशिवायचे फॅटी लिव्हर. दोन वेगळे आजार झाले की काय म्हणून यजमान घाबरले, पण २०२३ मध्ये जगभरच्या तज्ज्ञांनी नाव बदलून त्यात चयापचयाचा उल्लेख घातला, एवढेच ते होते.

औषध कोणतेच मिळाले नाही. नातेवाइकांनी सुचवलेली लिव्हरची सिरपे मॅडमनी बाजूला ठेवायला लावली आणि सांगितले की जीवनसत्त्व ई आणि मेटफॉर्मिन ही दोन्ही औषधे मुलांवर पद्धतशीर तपासली गेली आहेत. २०११ च्या त्या चाचणीत यापैकी कोणतेही एसजीपीटी टिकाऊपणे उतरवण्यात औषध नसलेल्या नकली गोळीपेक्षा सरस ठरले नाही. त्याउलट २०१९ मध्ये ११ ते १६ वर्षांच्या ४० मुलांवर झालेल्या अभ्यासात वरून घातलेली साखर एकूण उष्मांकाच्या ३ टक्क्यांखाली आणल्यावर आठ आठवड्यांत यकृतातील चरबी २५ टक्क्यांवरून १७ टक्क्यांवर आली होती. त्या अभ्यासाची मला आवडलेली बाजू अशी, की साखर मुलाच्या ताटातून नव्हे, सबंध घरातून काढली होती.

आमच्या घरातून ती काढणे म्हणजे काय, हे सातारकरांना सांगायला नको. पाहुणा आला की कंदी पेढ्यांचा पुडा येतोच. तो आल्या पावली शेजारी जाऊ लागला. चहा-बिस्किटे, दुधातली चॉकलेटची पावडर, आंब्याचे बाटलीतले पेय, शिकरण, पोळीच्या सुरळीतला जॅम, टोमॅटो सॉस, सगळे थांबले. सर्वांत लांबलेला वाद गुळाचा. “गूळ म्हणजे काय साखर आहे का?” सासूबाईंनी प्रत्यक्ष डॉक्टरांनाच विचारले, आणि मॅडमनी हात जोडून सांगितले, “आजी, यकृताला त्यातला फरक कळत नाही.” फळे अख्खी खायची, रस काढून नाही, मे महिन्यात आमरसाऐवजी आंब्याच्या फोडी हा निर्णय सर्वांनीच नाखुशीने पाळला. भाकरी, उसळ, अंडी, ताक यांवर बंधन नव्हते. तो रात्री घोरतो हे कळल्यावर कान-नाक-घशाच्या डॉक्टरांनाही दाखवले, कारण झोपेत प्राणवायू वारंवार कमी झाल्यानेही यकृताला इजा होते. यजमान आणि तो सकाळी अजिंक्यताऱ्यावर चालत जाऊ लागले. सुरुवातीला तो निम्म्या वाटेवर बसकण मारत असे आणि वडील त्याच्याआधी दमत, हे त्याने घरी येऊन आवर्जून सांगितले.

वाढत्या मुलाचे वजन उतरवण्याचा आटापिटा करायचा नसतो, ते जागच्या जागी धरून उंचीला पुढे जाऊ द्यायचे असते. वर्षभराने त्याची उंची १५१ सेंटिमीटर आणि वजन ५७ किलो होते. एसजीपीटी आधी ६१ आणि मग ३८ वर आला, इन्सुलिन १५ झाले आणि मानेवरचा पट्टा पुसट झाला आहे. फायब्रोस्कॅनमधील चरबी २६८ पर्यंत उतरली, म्हणजे ती अजून आहेच. छापील मर्यादेप्रमाणे ३८ सामान्य, पण मॅडमनी त्याभोवती लाल वर्तुळ काढले. जनुके बदलणार नाहीत, त्यामुळे देखरेख वयाच्या अठरा वर्षांनंतरही सुटणार नाही, आणि मोठ्यांच्या डॉक्टरांकडे जाताना ती वंशावळ सोबत द्यायची, असे त्यांनी सांगून ठेवले आहे. यजमानांची पुढची सोनोग्राफी दिवाळीनंतर आहे. धाकटी आता नऊ वर्षांची झाली. तीही वजनाने थोडी पुढे असल्याने तिचा एसजीपीटी पाहिला, तो १९ आला, आणि मुलींची मर्यादा २२ असल्याने तो दरवर्षी पाहायचा आहे.